भौतिकशास्त्राचा अभ्यास पेन्सिल हातात घेऊनच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांच्या पूर्वपरीक्षा उरकल्या की दहावीच्या मुलांवर चारही बाजूंनी सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. पुरेशी झोप घ्या, मोबाईल दूर ठेवा, ताण घेऊ नका. हे सगळे योग्यच आहे. पण संध्याकाळी सात वाजता 'भिंगे व त्यांचे उपयोग' हे प्रकरण समोर उघडून बसलेल्या मुलाला पुढचा तासभर नेमके काय करायचे, हे यातून कळत नाही. आम्ही दहावीला विज्ञान शिकवतो, म्हणून त्या एका तासाविषयी हे पत्र.

राज्य मंडळाची विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ ची प्रश्नपत्रिका ४० गुणांची आणि दोन तासांची असते. पुस्तकातल्या दहा प्रकरणांपैकी गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन, भिंगे आणि अवकाश मोहिमा ही सहा भौतिकशास्त्राची. बाकीची चार रसायनाची. रसायनाची समीकरणे मुले घोकून का होईना लिहितात. भौतिकशास्त्रात मात्र घोकणारा मुलगा आकडे बदलले की अडतो. त्याचे कारण एकच: तो हा विषय वाचतो. गाईडमधले सोडवलेले गणित वाचताना प्रत्येक ओळ पटत जाते, पान उलटले की 'आले' असे वाटते, आणि तेच गणित कोऱ्या कागदावर मांडायला सांगितले की पहिली ओळ सुचत नाही. दुसऱ्याने सोडवलेले गणित समजणे आणि आपल्याला ते सुटणे यांत मोठे अंतर असते. पेन्सिल हातात घेतल्याशिवाय ते अंतर तुटत नाही.

भिंगांचे एक गणित घेऊ. बहिर्गोल भिंगाचे नाभीय अंतर (समांतर किरण जिथे एकत्र येतात त्या नाभीचे भिंगापासूनचे अंतर) २० सेंटिमीटर आहे, त्याच्यासमोर ३० सेंटिमीटरवर ३ सेंटिमीटर उंचीची मेणबत्ती उभी केली आहे. प्रतिमा कुठे मिळेल, केवढी आणि कशी असेल?

बहुतेक मुले थेट सूत्राकडे धावतात. त्याआधी अर्धा मिनिट द्यावा आणि कागदाच्या कडेला हातानेच एक लहान आकृती काढावी: मुख्य अक्ष, मध्ये भिंग, डावीकडे २० वर नाभी, ४० वर तिच्या दुप्पट अंतराची खूण. मेणबत्ती ३० वर, म्हणजे या दोन खुणांच्या मध्ये. तेव्हा प्रतिमा पलीकडे दुप्पट नाभीय अंतराच्याही पुढे, वास्तव, उलटी आणि मोठी असणार. आकडेमोडीला हात लावण्याआधीच दोन गोष्टी ठरल्या: अंतर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त, उंची ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त.

आता चिन्हे. मेणबत्ती भिंगाच्या डावीकडे, म्हणून वस्तूचे अंतर यू उणे ३०. भिंग बहिर्गोल, म्हणून नाभीय अंतर एफ अधिक २०. प्रतिमेचे अंतर व्ही धरले तर भिंगाच्या सूत्रावरून १/व्ही = १/एफ + १/यू. किंमती भरल्या की १/व्ही = १/२० − १/३० = १/६०. म्हणून व्ही अधिक ६० सेंटिमीटर. विशालन, म्हणजे प्रतिमा वस्तूच्या किती पट, ते ६० भागिले उणे ३०, बरोबर उणे २. उंची उणे ६ सेंटिमीटर, आणि ते उणे चिन्ह प्रतिमा उलटी असल्याचे सांगते. सुरुवातीच्या आकृतीशी सगळे जुळले.

चुका ठरलेल्या जागीच होतात. मुलगा यू चे उणे चिन्ह विसरला, तर १/२० + १/३० होऊन उत्तर १२ सेंटिमीटर येते. नववीतले आरशाचे सूत्र चुकून इथे वापरले तरी नेमके हेच १२ येते. ज्याने आकृती काढली आहे तो तिथेच थांबेल, कारण बहिर्गोल भिंगाची वास्तव प्रतिमा नाभीय अंतराच्या आत कधीच पडत नाही. ज्याने काढली नाही तो १२ ला चौकट करून पुढच्या प्रश्नाकडे वळेल. तिसरी चूक म्हणजे १/६० वरच थांबणे आणि ते उलटायचे राहून जाणे. चौथी भिंगाच्या शक्तीची, म्हणजे १ भागिले नाभीय अंतर याची. २० सेंटिमीटर तसेच ठेवून भागाकार केला तर ०.०५ येते, नाभीय अंतर मीटरमध्ये, म्हणजे ०.२० घेतले तर ५ डायॉप्टर. चष्म्याचा नंबर ज्यांच्या घरात आहे त्यांना ०.०५ हा आकडा विचित्र वाटायला हवा. असे वाटण्याची सवय लावणे हाच अभ्यास आहे.

उष्णतेच्या प्रकरणात चूक वेगळ्या जातीची असते. शून्य अंश सेल्सिअसच्या १० ग्रॅम बर्फाची १०० अंशांची वाफ करायला किती उष्णता लागेल? वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्माधारकता (एका ग्रॅमचे तापमान एका अंशाने वाढवायला लागणारी उष्णता) गुणिले तापमानातील बदल एवढेच पाठ असलेला मुलगा १० × १ × १०० करून १००० कॅलरी लिहितो. तापमान न बदलता जी उष्णता शोषली गेली, ती त्याच्या हिशेबातच येत नाही. बर्फ वितळायला, ग्रॅममागे ८० कॅलरी धरून, १० × ८० म्हणजे ८००, पाणी शून्यापासून शंभरपर्यंत तापायला १०००, आणि त्याची वाफ व्हायला, ग्रॅममागे ५४० धरून, १० × ५४० म्हणजे ५४००. एकूण ७२०० कॅलरी. मुलांनी या गणिताआधी तापमान-काल आलेख काढावा, आणि तो मापात काढावा. उष्णता एकाच गतीने देत राहिलो आणि वितळायला ८ मिनिटे लागली असे धरले, तर पाणी उकळीला यायला १० मिनिटे आणि सगळ्याची वाफ व्हायला ५४ मिनिटे लागतील. ती लांबच लांब आडवी रेषा एकदा स्वतःच्या हाताने ओढली की अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न बदलता शोषली जाणारी ही उष्णता, हा शब्द पाठ करावा लागत नाही. वाफेने भाजणे उकळत्या पाण्याने भाजण्यापेक्षा गंभीर का, याचे उत्तरही त्याच रेषेत आहे. मिश्रणाच्या गणितांत उष्ण वस्तूने गमावलेली उष्णता डावीकडे, थंड वस्तूने मिळवलेली उजवीकडे, एवढी मांडणी पाळली तर फारसे अडत नाही.

गुरुत्वाकर्षण आणि अवकाश मोहिमा ही दोन्ही प्रकरणे एकापाठोपाठ करावीत, पुस्तकात ती पहिल्या आणि शेवटच्या टोकाला असली तरी. सूत्रे एकाच घरातली आहेत. इथे सर्वांत फसवी चूक त्रिज्येची. उपग्रह भूपृष्ठापासून ३५,७८० किलोमीटर उंचीवर असेल, तर सूत्रात ती उंची एकटी जात नाही. पृथ्वीची ६,४०० किलोमीटर त्रिज्या तिच्यात मिळवून ४२,१८० घ्यायचे. तसे केले तर क्रांतिक वेग, म्हणजे त्या कक्षेत फिरत राहायला लागणारा वेग, सेकंदाला सुमारे ३.०८ किलोमीटर येतो. नुसती उंची घेतली तर सुमारे ३.३४ येतो. हे दुसरे उत्तर दिसायला अगदी खरे वाटते, त्यामुळे ते नजरेतून सुटते. अशा ठिकाणी उत्तर पडताळण्यावर विसंबू नये. आधीच आकृतीत पृथ्वीच्या केंद्रापासून उपग्रहापर्यंत एक रेघ ओढावी आणि तिच्यावर 'त्रिज्या अधिक उंची' असे लिहावे.

ज्या गणितांत एका ग्रहाची तुलना पृथ्वीशी असते, तिथे दहाच्या चोवीस घातांचे आकडे भरत बसू नये. समजा ग्रहाचे वस्तुमान पृथ्वीच्या ८ पट आणि त्रिज्या २ पट. गुरुत्व त्वरण वस्तुमानाच्या सम प्रमाणात आणि त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून ८ भागिले ४, दुप्पट. मुक्तिवेग (ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणातून सुटायला लागणारा वेग) वस्तुमान भागिले त्रिज्या याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणून ८ भागिले २ म्हणजे ४, त्याचे वर्गमूळ २. पृथ्वीचा मुक्तिवेग सेकंदाला ११.२ किलोमीटर, तर या ग्रहाचा २२.४. दोन ओळींत काम झाले. परीक्षेत गणकयंत्र चालत नाही हे लक्षात घेतले तर या पद्धतीचे मोल कळेल. जिथे घात टाळता येत नाहीत, तिथे वर्गमूळ काढण्याआधी दहाचा घात सम करून घ्यावा. १२.५ गुणिले दहाचा सातवा घात असेल तर १.२५ गुणिले दहाचा आठवा घात करावा. मग घाताचा निम्मा चार. २० पर्यंतचे वर्ग तोंडपाठ असावेत. यासाठी रोज दहा मिनिटे पुरतात, आणि ती पहिल्या दिवसापासून द्यावीत.

मुक्त पतनात आणखी एक घोटाळा होतो. वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूला पोचला की त्याचा वेग शून्य होतो, आणि मुले त्वरणही शून्य लिहून मोकळी होतात. त्वरण तिथेही ९.८ च असते, खालच्या दिशेने. ते शून्य असते तर चेंडू वरच राहिला असता.

विजेच्या प्रकरणात गणिते सोपी आहेत आणि तरी गुण जातात, कारण वेळेचे एकक. १५०० वॉटचा गीझर रोज २० मिनिटे, ३० दिवस चालला. किती युनिट वीज लागली? १.५ किलोवॉट गुणिले एक तृतीयांश तास गुणिले ३०, म्हणजे १५ युनिट. पुष्कळ मुले २० मिनिटांचे ०.२० तास करतात आणि ९ युनिट लिहितात. याच प्रकरणात ज्यूलच्या नियमाच्या, म्हणजे विद्युतधारेमुळे निर्माण होणाऱ्या उष्णतेच्या, गणितात वेळ सेकंदात लागते आणि वीजबिलाच्या गणितात तासात. म्हणून प्रकरणाचे सूत्रपान करताना सूत्राखाली प्रत्येक चिन्हासमोर त्याचे एकक लिहावे, आणि ते सूत्र कुठे चालत नाही तेही एका ओळीत लिहावे. एककांवाचून केलेल्या सूत्रपानाचा फारसा उपयोग होत नाही.

हाताच्या बोटांनी दिशा ठरवण्याचे फ्लेमिंगचे दोन नियम मुले पाठ म्हणतात आणि वर्गात चुकतात. विद्युत चलित्राला (मोटरला) डावा हात, विद्युत जनित्राला (जनरेटरला) उजवा. पण उजव्या हातात पेन असते, ते खाली ठेवायचा कंटाळा येतो, आणि जनित्राच्या प्रश्नालाही डावाच हात पुढे होतो. डावखुऱ्या मुलांचे नेमके उलटे. उपाय साधा आहे: सरावातच पेन खाली ठेवण्याची सवय लावायची. चलित्राची आकृती पुस्तक मिटून काढावी, मग पुस्तक उघडून जे राहिले ते लाल पेनने भरावे, आणि दोन दिवसांनी पुन्हा. पहिल्या खेपेला बहुधा कुंडलातल्या धारेची दिशा राहिलेली असते, आणि दुभंगलेली कडी अखंड काढलेली असते. ती अखंड काढली की चलित्राचा आत्माच गेला, कारण दर अर्ध्या फेऱ्याला कुंडलातल्या धारेची दिशा बदलते ती त्या दोन अर्ध्या कड्यांमुळे, आणि म्हणूनच कुंडल एकाच दिशेने फिरत राहते.

किरणाकृतीत बाणाशिवाय काढलेली रेघ म्हणजे नुसती रेघ. प्रत्येक किरणावर बाण, स्तंभिका (पृष्ठभागाला काटकोनात काढलेली रेघ) तुटक, आभासी किरण तुटक, कोन नेहमी स्तंभिकेशी मोजलेला. काचेत शिरताना किरण स्तंभिकेकडे झुकतो, बाहेर पडताना तिच्यापासून दूर जातो. आपतन कोन काचेच्या पृष्ठभागाशी दाखवणारी आकृती कितीही सुबक असली तरी चुकीचीच.

शास्त्रीय कारणांच्या प्रश्नात तीनपैकी दोन लिहायची असतात, एकूण चार गुण. इथे मुलांना उत्तर माहीत असते, पण मधली पायरी गाळली जाते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर बाहेरून पाण्याचे थेंब का जमतात? 'हवेतील बाष्पामुळे' एवढ्याने भागत नाही. बाटलीलगतची हवा थंड होते, तिचे तापमान दवबिंदू तापमानाखाली गेले की ती बाष्पाने संपृक्त होऊन जास्तीचे बाष्प धरू शकत नाही, त्याचे संघनन होते आणि थेंब दिसतात. आधी काय बदलले, त्यामुळे कोणता नियम लागू झाला, शेवटी डोळ्यांना काय दिसले. या क्रमाने लिहिलेले तीन-चार ओळींचे उत्तर पानभर लिहिलेल्या उत्तरापेक्षा सरस ठरते. तारे लुकलुकतात आणि ग्रह लुकलुकत नाहीत, थंड प्रदेशात तळ्याचा पृष्ठभाग गोठूनही मासे जगतात, विजेच्या बल्बमध्ये टंगस्टनच का, ही सगळी कारणे याच साच्यात बसवून पाहावीत.

सेमी इंग्रजीच्या मुलांविषयी आम्हाला खास काळजी वाटते. त्यांच्यातली अनेक जण व्याख्या इंग्रजीत घोकतात, आणि 'म्हणजे काय' असे विचारले की गप्प होतात. अशा मुलाला घरी कुणीतरी ती व्याख्या आधी मराठीत, स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावी. ऐकणाऱ्या आईला किंवा आजोबांना भौतिकशास्त्र यायलाच हवे असे नाही. सांगताना तो कुठे अडखळतो ते त्यालाच कळते, आणि त्या जागी पुस्तक उघडायचे. इंग्रजी वाक्य त्यानंतर लिहून पाठ करावे.

आता रोजचा क्रम. एका दिवशी एकाच प्रकरणाची वीस गणिते सोडवली की शेवटची दहा यांत्रिकपणे सुटतात, कारण सूत्र कोणते हे आधीच ठाऊक असते. परीक्षेत ते ठाऊक नसते. म्हणून रोज तीन किंवा चार गणितेच घ्यावीत, पण त्यातले एक आजच्या प्रकरणाचे आणि बाकीची मागच्या प्रकरणांतली, न ठरवता उचललेली. चुकलेले प्रत्येक गणित एका वेगळ्या वहीत, पूर्ण, आणि खाली एका ओळीत चूक कुठे झाली ते: 'चिन्ह', 'मिनिटांचे तास', 'त्रिज्या मिळवली नाही'. तीन दिवसांनी ते झाकून पुन्हा सोडवावे, आठवड्याने आणखी एकदा. दोन्ही वेळा सुटले तर त्यावर काट मारावी. महिन्याभरात दिसते की आपण एकूण तीन किंवा चार प्रकारच्याच चुका करतो. पालकांना अभ्यास तपासायचा असेल तर त्यांनी हीच वही पाहावी. ती कोरी असेल तर अभ्यास वाचूनच चालला आहे असे समजावे.

प्रात्यक्षिकाचे गुण हातचे असतात, तरी वर्षातून एकदाच साहित्याला हात लागल्याने ते जातात. काचेच्या चिपेतून (आयताकृती ठोकळ्यातून) जाणाऱ्या किरणाच्या प्रयोगात टाचण्या एकमेकींपासून ५ सेंटिमीटरवर तरी टोचाव्यात, त्या सरळ उभ्या असाव्यात, आणि एका रेषेत आणताना टाचणीचे डोके न पाहता कागदाला टेकलेले टोक पाहावे. चिपेची बाह्यरेषा आखल्यावर चीप हलली तर ते निरीक्षण फेकून द्यावे. बहिर्गोल भिंगाचे नाभीय अंतर काढायला साधे वाचायचे भिंग, खिडकीतून दिसणारे दूरचे झाड आणि एक पांढरा कागद पुरतो. झाडाची ठळक उलटी प्रतिमा कागदावर आली की भिंग आणि कागद यांतले अंतर मोजायचे. मात्र ते सूर्याकडे धरून भिंगातून कधीही पाहू नये. डोळ्याला कायमची इजा होते.

सरावाची प्रश्नपत्रिका सोडवताना घड्याळ लावून पूर्ण दोन तास बसावे. ४० गुणांना १२० मिनिटे, म्हणजे एका गुणाला तीन. पहिल्या प्रश्नाच्या १० गुणांत वेळ वाचतो, तो तीन गुणांच्या पाच प्रश्नांना द्यावा, कारण तिथे १५ गुण आहेत आणि गणितेही बहुधा तिथेच येतात. बहुपर्यायी प्रश्नात पहिले लिहिलेले उत्तरच धरले जाते, म्हणून विचार आधी, पेन नंतर. गणित शेवटपर्यंत सुटत नसेल तरी दिलेल्या किंमती, सूत्र आणि एकके लिहून ठेवावीत. टप्प्यांना गुण असतात.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. परीक्षेपर्यंतच्या आठवड्यांत दैनिकाच्या एका कोपऱ्यात रोज भौतिकशास्त्राचे एक गणित छापावे, चार ओळींचे. उत्तर त्याच दिवशी, उलटे छापूनही, देऊ नये. ते दुसऱ्या दिवशी, पूर्ण मांडणीसह आणि नेहमी होणाऱ्या एका चुकीसह द्यावे. मधल्या चोवीस तासांत मुलांनी ते सोडवलेले असेल. ज्या गावांत क्लास नाही आणि गाईड घ्यायला तालुक्याला जावे लागते, तिथेही शाळेत किंवा चहाच्या दुकानात पेपर पोचतो. गणिते तयार करून, तपासून देण्याचे काम आम्ही आनंदाने करू.

आपले नम्र,
दहावीला विज्ञान शिकवणारे काही शिक्षक